बर्फाच्या लादीवरची झोप

ये गं, अशी जवळ सरक. लांबून वाचलंस तर मी बोलतेय ते तुझ्यापर्यंत पोचायचं नाही. आधी थोडं रागावून घेते, मग बाकीचं. तुम्ही आताच्या मुली डोंगरावर जायचं म्हटलं की बुटांसाठी सगळी दुकानं पालथी घालता, जॅकेटचा रंग फोटोत कसा येईल ते बघता, आणि झोपायचं काय असं विचारलं की खांदे उडवता. "बघू तिथे, मिळेल काहीतरी." मिळतं ना काहीतरी! दहा जणांनी घाम जिरवलेली भाड्याची स्लीपिंग बॅग मिळते आणि खाली घालायला पापडाएवढा फोम. मग सकाळी सुजलेले डोळे घेऊन तंबूच्या बाहेर येता आणि सांगता, डोंगर फार अवघड होता. डोंगर कुठला अवघड! रात्र अवघड होती.

हे शहाणपण मला साठी उलटल्यावर आलं, तेही आपटून. तुला आपटायला लागू नये म्हणून लिहितेय.

माझा सगळा जन्म लालबागच्या चाळीत गेला, एका खोलीत. माहेर कोकणातलं, सासर गिरणीतलं. सासरे गिरणीत, नवरा गिरणीत, आणि गिरणी बंद झाल्यावर नवरा एका हाफिसाच्या लिफ्टवर. मी सातवीतून शाळा सोडली. पुढचं जे काही येतं ते वाचनालयातून आणलेलं आणि हल्ली मोबाईलमधून उपसलेलं. मुलगा कमवायला लागला, सून घरात आली, नवरा गेला. मग एका रविवारी आमच्या महिला मंडळाने किल्ल्यावर सहल काढली. मी साडी आणि चपला अशी गेले. वर पोचले, पदर वाऱ्यावर फडफडायला लागला, आणि खाली उतरायची वेळ झाली तेव्हा माझा पाय निघेना. दमले म्हणून नाही गं. इतकी वर्षं एवढं सगळं आकाश इथे होतं आणि मला कुणी सांगितलं नाही, याचा राग आला होता.

त्यानंतर मी दादरच्या एका ट्रेकवाल्या ग्रुपात जायला लागले. चपला जाऊन बूट आले, साडी जाऊन सुनेची ट्रॅक पॅन्ट आली. ग्रुपात सगळे माझ्या मुलाच्या वयाचे. मला काकू म्हणतात. सुरुवातीला काकूंना मागे ठेवून दोघं जण राखणीला ठेवायचे. पण चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर पाण्याचे हंडे चढवलेले पाय आहेत हे, दोन-तीन किल्ल्यांतच राखण करणारे मागे पडायला लागले.

हा ग्रुप दरवर्षी उन्हाळ्यात हिमालयात एक खिंड ओलांडायला जायचा. बर्फातून. त्यांचे फोटो बघून माझ्या मनाने घेतलं, की मलाही तिथे उभं राहायचंय. आयुष्यात बर्फ बघितला तो मासळीवरचा आणि सरबतातला. पायाखाली बर्फ आणि वर मी, एवढं एकदा व्हायला हवं होतं. देवदर्शनाची इच्छा म्हणून सांगितलं असतं तर घरात कुणी हूं की चूं केलं नसतं. खिंड म्हटल्यावर मुलाचं कपाळ आखडलं.

"आई, तिथे गुडघा दुखला तर रिक्षा नाही मिळत."

"इथे तरी कुठे मिळते लालबागला?"

"मस्करी नको. रात्री उणे तापमान असतं. तू एसीच्या बँकेत शाल घेऊन जातेस."

ते खरं होतं. त्यात आमच्या लीडरने एक अट घातली. लीडर म्हणजे आमचा ग्रुप चालवणारा, भला माणूस, पण नियमाला कडक. साठीच्या पुढच्यांनी आधी इथल्याच एखाद्या उंच पठारावर कडाक्याच्या थंडीत एक रात्र काढून दाखवायची. आपलं सामान आपल्या पाठीवर. रात्री झोप लागली पाहिजे, सकाळी पाय चालले पाहिजेत. "काकू, चालण्याची मला काळजी नाही," तो म्हणाला, "तिथे माणूस चालून पडत नाही, झोप न झाल्याने पडतो. सलग दोन रात्री झोप नसेल तर तिसऱ्या दिवशी मी तुम्हाला खिंडीवर नेऊच शकणार नाही."

मुलाने तेवढं बोलणं अचूक पकडलं. "ठरलं तर मग. ती रात्र नीट गेली तर मी काही बोलणार नाही. नाही गेली तर हा विषय घरात परत काढायचा नाही." मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जात होतं? झोपायचंच तर होतं. जन्मभर झोपत आलेय.

आता माझी चूक ऐक. आणि हसू नकोस, तू मुंबईची असशील तर तूही हेच केलं असतंस.

आपल्याकडे लादी म्हणजे सुख. मे महिन्यात खोलीत पंखा गरम हवा फेकतो तेव्हा आपण काय करतो? अंथरूण बाजूला सारतो, लादी ओल्या फडक्याने पुसून घेतो आणि पाठ टेकतो. आहाहा! माझी सासू तर म्हणायची, गादीवर झोपतात ती आजारी माणसं. आम्ही सगळे लादीवर वाढलो, लादीवर बाळंत झालो नाही एवढंच. त्यामुळे थंडी खालून येते हे आमच्या अंगाला ठाऊकच नाही. खालून येतो तो गारवा, तो हवासा असतो. थंडी म्हणजे वरून यायची वस्तू, आणि तिला उत्तर म्हणजे पांघरूण.

म्हणून मी पहिल्या परीक्षेला काय नेलं? खाली घालायला प्लास्टिकची चटई, सत्यनारायणाला अंथरतो ती. आणि वर घ्यायला सासऱ्यांची घोंगडी, माझी लोकरीची शाल आणि मुलाचं ऑफिसातून मिळालेलं जाडजूड जॅकेट. घोंगडी ओलीसुद्धा नव्हती तरी एखाद्या आडदांड पोराएवढी जड. ती सॅकच्या डोक्यावर बांधली तर मागून मी दिसतच नव्हते, घोंगडी चालत निघाल्यासारखी दिसत होती. अर्ध्या चढावर धाप लागली. लीडरने घोंगडी सोडवून स्वतःच्या खांद्यावर घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं सामान आपल्या पाठीवर, हीच तर अट होती.

रात्रीचं काय सांगू. आधी शाल घेतली. मग जॅकेट. मग घोंगडी. वरून एवढं ओझं की कूस बदलायला शेजारणीला हाक मारावी लागेल. छातीवर घाम, आणि जमिनीकडच्या कुशीत बर्फाची सुरी फिरवल्यासारखं. कूस बदलली की ती कूस. मी पुन्हा वरून घट्ट ओढून घेत होते, आणि थंडी निवांत खालून येत होती. सकाळी उठताना कंबर उठायला तयार नाही. दोघींनी दोन हात धरून उभी केली. उतरताना मी सगळ्यात शेवटी.

खाली आल्यावर लीडरने चहाचा कप हातात दिला आणि फार गोड आवाजात म्हणाला, "काकू, एका दिवसाचे ट्रेक तुम्ही अगदी मस्त करता हां."

तो रागावला असता तर बरं झालं असतं गं. त्या गोड बोलण्याने माझा बर्फ कायमचा गेला, असं वाटलं. चहा तसाच ठेवला आणि म्हटलं, "एक संधी अजून दे." त्याने मोबाईलमधल्या तारखा चाळल्या. "जानेवारीच्या शेवटी अजून एक बॅच नेतोय. त्यानंतर मात्र नावं पक्की होतात. आणि काकू, घोंगडी नको."

घरी मुलगा दारातच उभा. माझी वाकडी चाल बघून त्याला विचारायची गरज पडली नाही. "झालं समाधान?"

"अजून एक बाकी आहे."

"आई, आपलं एकच ठरलं होतं."

"ठरलं होतं ती रात्र झोपायची. मी कुठे झोपले? मोजता कशी येईल ती?"

सून पलीकडून फिस्सकन हसली. तो वैतागून आत गेला, पण नाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी शेकायची पिशवी कमरेला लावून मी पडले होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. छातीवर घाम होता. म्हणजे पांघरूण कमी नव्हतं! एकाच अंगाला एका बाजूने घाम आणि एका बाजूने गारठा, म्हणजे घोळ खालचा होता, वरचा नव्हता. मी सगळी फौज एका दारावर उभी केली होती आणि दुसरं दार सताड उघडं. मग मोबाईल घेऊन बसले. इंग्रजी मला अडखळत येतं, पण गोरी माणसं चटयांवर लोळून दाखवतात ते बघायला भाषा कशाला लागते? हळूहळू कळत गेलं. स्लीपिंग बॅगेत पिसं भरलेली असतात, ती फुलतात आणि त्यांच्यामध्ये हवा धरून ठेवतात, तीच ऊब. पण आपण वर पडलो की पाठीखालची पिसं चेपतात, मग त्यांचा काही उपयोग नाही. म्हणजे बॅग कितीही भारी घेतली तरी पाठीखाली तुम्ही उघड्याच. तिथे काम करते ती खाली अंथरायची मॅट. आणि प्रत्येक चांगल्या मॅटवर एक आकडा लिहिलेला असतो, जमिनीची थंडी ती किती अडवते त्याचा. आकडा मोठा, तेवढी ऊब जास्त.

आता आकडा कागदावर वाचून कंबर थोडीच ऐकणार! मी साडीसुद्धा पदर खांद्यावर टाकून बघितल्याशिवाय घेत नाही. दादरला ट्रेकिंगच्या सामानाचं एक दुकान आहे, विकतातही आणि भाड्यानेही देतात. तिथे गेले आणि मॅटा जमिनीवर मांडायला लावल्या. दुकानदार मुलाच्या वयाचा असेल. मी सरळ आडवी झाले.

"काकू, अहो, दाबून बघा ना हाताने."

"हाताने मी वांगी दाबून बघते. झोपणार मी कमरेने."

तिथे माझा निम्मा निकाल लागला. मी कुशीवर झोपणारी बाई. पातळ फोमवर कमरेचं हाड जमिनीला भेटून येत होतं. हवा भरायच्या मॅटवर हाड तरंगत होतं. पण हवेच्या मॅटा दोन जातींच्या होत्या. एक नुसती हवेची, फुग्यासारखी. दुसरीच्या पोटात चकचकीत पातळ थर आणि कप्पे, जमिनीची थंडी वर येऊ नये म्हणून. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. दुकानातल्या पंख्याखाली अंगालाही फरक कळेना. दुकानदार म्हणाला, "फरक थंडीत कळतो." बरोबर आहे. पण डिसेंबरात पंखा लावणाऱ्या या शहरात थंडी आणायची कुठून?

हे कोडं घेऊन मी बाजारात गेले. माझी एक मैत्रीण आहे, वरळी कोळीवाड्यातली. लालबागच्या बाजारात तिच्याकडून मी मासळी घेत आले ती आम्हा दोघींचे केस काळे होते तेव्हापासून. भाव करताना एकमेकींचं कूळ उद्धरतो आणि सणाला एकमेकींकडे जेवतो. ती पापलेटांवर बर्फ पसरत होती. तिचे हात लालेलाल झाले होते. ते बघितले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मला बर्फाची लादी पाहिजे."

"किती किलो मासळी ठेवतंस?"

"मासळी नाही. मी झोपणार त्यावर."

तिने हातातलं पापलेट खाली ठेवलं. "काय गो बाय, कुनाशी भांडलीस काय? पोलीस चोरांना झोपवतात बर्फावर, तू आपल्या पायाने चाललीस!"

मी तिला सगळं सांगितलं. खिंड, घोंगडी, लीडरचं गोड बोलणं. ते गोड बोलणं ऐकून तिला माझ्यापेक्षा जास्त राग आला. "असं म्हनला? ये तू रविवारी. होडीवर चढवायच्या बर्फातल्या लाद्या काढून ठेवते तुला."

दुकानदाराकडून तिन्ही मॅटा रविवारपुरत्या भाड्याने घेतल्या. कशाला पाहिजेत ते सांगितलं नाही. कोळीवाड्यात तिच्या घराच्या बाजूला, सुकत घातलेल्या बोंबलांच्या सावलीत तिने फळ्या टाकून त्यावर लाद्या रचून ठेवल्या होत्या, माणसाच्या लांबीच्या. वर एक प्लास्टिक पसरलं, मॅट भिजू नये म्हणून. अर्धा कोळीवाडा जमला. मी बूट काढले, पाया पडल्यासारखा लादीला हात लावला आणि फोम टाकून कुशीवर झाले.

सुरुवातीला काही नाही. वरून उकाडा, खालून गंमत. मग कमरेच्या हाडापाशी एक थंड बोट लागलं. बोटाचा तळवा झाला, तळव्याची परात झाली. मैत्रिणीने बाजूला बसून बोंबील साफ करायला घेतले होते, ते निम्मे व्हायच्या आत मी उठून बसले. "ही नापास."

दुसरी, नुसत्या हवेची. मऊ तर इतकी की मी लगेच सगळ्यांना तिचं कौतुक सांगायला लागले. पण मऊपणा फसवतो बरं का. आतली हवा बर्फाने हळूहळू गार झाली आणि पाण्यावर पडल्यासारखा गारठा पसरत आला, पाठीपासून खांद्यापर्यंत. फोममध्ये नुसतं हाड गारठलं होतं, इथे सगळीच मी. "हीपण नापास. दिसायला सुंदर, कामाला शून्य."

"माज्या धाकट्या जावेसारखी," मैत्रीण म्हणाली. धाकटी जाऊ मागेच उभी होती. तिथे थोडी करमणूक झाली.

मग तिसरी, पोटात थर असलेली. मी पडले. वाट बघत राहिले. कंबर काही बोलेना. खांदा काही बोलेना. हात बाजूला टेकला तो बर्फाला लागला, तर चटका बसला, आणि पाठीखाली मात्र नुकतंच कुणीतरी अंथरुणातून उठून गेल्यासारखी ऊब. माझीच ऊब, खाली गळून जायची थांबलेली. वाऱ्यावर बोंबील हलत होते, बायका बोलत होत्या, आणि…

"मेली काय ती?" कुणा म्हाताऱ्याचा आवाज आला.

"मेलेली घोरतंय काय!" मैत्रीण ओरडली.

मी झोपले होते गं! भर दुपारी, बर्फावर, अख्ख्या कोळीवाड्यासमोर, तोंड उघडं टाकून. उठले तेव्हा बर्फ कडेने वितळून गल्लीत ओहोळ गेला होता आणि माझी कंबर पहिल्या फटक्यात उठली. मैत्रिणीने माझ्या पाठीला हात लावून बघितला आणि जमलेल्यांना सांगितलं, "गरम हाय! तव्यावरून काढलेल्या भाकरीवानी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या लग्नातसुद्धा एवढी माणसं माझ्याकडे बघून खूश झाली नव्हती.

मॅट ठरली. राहिली बॅग. दुकानदाराला मॅटा परत करताना सगळं सांगितलं तेव्हा तो आधी मॅटा ओल्या आहेत का ते तपासत बसला, आणि मग इतका हसला की त्याने स्वतःहून सगळ्या बॅगा खाली काढल्या. आता मी शहाणी झाले होते. प्रत्येकीवर दोन तापमानं लिहिलेली असतात. एकावर माणूस आरामात झोपतो, दुसऱ्यावर नुसता तगून राहतो. मोठ्या अक्षरात लिहितात ते बहुतेक दुसरंच. मी त्याला म्हटलं, "मला तगायचं नाहीये. तगून मी आयुष्य काढलंय. मला झोपायचंय. आरामाचा आकडा दाखव." त्याने मान डोलावली आणि निम्म्या बॅगा परत वर गेल्या.

उरलेल्यांमध्ये कापसासारख्या नकली भरणाच्या होत्या आणि पिसांच्या होत्या. नकली भरण भिजलं तरी थोडी ऊब देतं, पण जड, आणि सॅकमध्ये पसरून बसतं. पिसं हलकी, दाबली तर नारळाएवढी होतात, पण भिजली की संपलं. मी पिसं घेतली. भिजू न देणं माझ्या हातात आहे. वजन कमी करणं बॅगेच्या हातात. मग तिच्यात शिरून बघायचं. पहिली माझ्या अंगासरशी इतकी शिवल्यासारखी की गुडघे पोटाशी घेता येईनात, लोणच्याच्या बरणीत कोंबलेल्या कैरीसारखी झाले. दुसरी ऐसपैस होती, चेन पायापर्यंत उघडायची. थंडी फार असली तर बंद करून आत शिरायचं, नाहीतर पाय आत ठेवून वरून गोधडीसारखी पांघरायची. त्या बॅगेत मी एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर झाले आणि म्हटलं, "ही माझी." दुकानदाराने मॅट आणि बॅग दोन्ही हुकाच्या वजनकाट्याला लावून दाखवल्या. दोघी मिळून सासऱ्यांच्या घोंगडीच्या अर्ध्या वजनाच्याही नव्हत्या.

उशी मी विकत घेतली नाही. कोरडे कपडे पिशवीत भरायचे आणि वरून जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळायचा. गालाला आपल्या घरचं लागलं की अर्धी झोप तिथेच येते. एवढं कुठल्याच गोऱ्या माणसाने सांगितलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटाला पठारावर गेलो. चढताना माझी सॅक बघून लीडर दोनदा मागे आला. "काकू, सगळं घेतलंय ना? झोपायचं राहिलं नाही ना घरी?"

"आहे रे बाबा, नारळाएवढ्या जागेत बसलंय."

वर वारा असा की बोलताना शब्द पळून जात होते. तंबू लागल्याबरोबर मी बॅग बाहेर काढून झटकली आणि पसरून ठेवली, पिसांना फुलायला वेळ मिळावा म्हणून. जेवण झाल्यावर घामाचे कपडे बदलले. हे विसरू नकोस, अंगावरच्या ओल्या कपड्यापुढे पिसांचंही काही चालत नाही. शेंगदाण्याचा लाडू खाल्ला, म्हणजे पोटातली चूल पेटती राहते. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवली, कानटोपी ओढली. बाजूची मुलगी म्हणाली, "काकू, रात्री त्रास झाला तर उठवा हां मला, लाजू नका." मी हो म्हटलं.

त्यापुढचं मला काही सांगता येत नाही, कारण मी तिथे नव्हतेच.

मला उठवलं ते लीडरने. तंबूच्या कापडावर थापा मारत होता आणि आवाज घाबरलेला. "काकू! काकू, ठीक आहात ना?" मी डोकं बाहेर काढलं तर उजाडलेलं, आणि सगळा ग्रुप चहाचे पेले हातात धरून माझ्या तंबूभोवती उभा. तंबूच्या वरच्या कापडावर गोठलेल्या दवाचा पांढरा थर धरला होता. बाजूची मुलगी जॅकेटमध्ये मान खुपसून म्हणाली, "सर, मी रात्रभर जागी होते. काकू एकदाच बोलल्या, तेही झोपेत. कुणाला तरी पापलेट ताजं नाही म्हणून सांगत होत्या."

मी बाहेर आले. कंबर धरली नाही, कुणाचा हात घेतला नाही. सगळ्यांच्या आधी सामान भरलं आणि उतरताना पुढे राहिले, मागे वळून हाका मारत. खाली पोचल्यावर लीडरने पुन्हा चहाचा कप आणून दिला. या वेळी त्याचा आवाज गोड नव्हता, नेहमीचा खडखडीत होता. "काकू, नाव घातलं तुमचं. आणि ती मॅट कुठली घेतलीत ते मला लिहून पाठवा, मला सगळ्यांना सांगायचंय."

घरी मुलाने दार उघडलं. माझ्याकडे खालून वर बघितलं. मी जिना चढून आले होते तशीच त्याच्यासमोर एक उठाबशी काढून दाखवली. त्याने हात जोडले. "आता माझ्याकडे कारण काय उरलं?" म्हणाला. आणि त्याच आठवड्यात माझ्यासाठी लोकरीचे मोजे घेऊन आला, दोन जोड. एकावर एक घालायला सांगू नकोस म्हणून सून त्याला समजावत होती, पाय आवळले की गारठतात. आमच्या घरात आता सगळेच तज्ज्ञ झाले होते.

उन्हाळ्यात हिमालयात गेलो, तिथे खिंडीच्या आदल्या दिवशीचा मुक्काम बर्फावरच होता. खरोखरच्या बर्फावर, नजर जाईल तिथपर्यंत पसरलेल्या. तरणीताठी मुलं हात चोळत फिरत होती, कुणाची मॅट हवा सोडत होती, कुणी बॅगेवर बॅग घालून बघत होतं. मी माझी मॅट पसरली आणि मला हसू यायला लागलं. एवढा मोठा बर्फ, पण ओळखीचा वाटला. मी याच्यावर घोरून आले होते. त्या रात्री मी झोपले, आणि पहाटे जेव्हा चढायला सुरुवात केली तेव्हा पायांत रात्रीची सगळी झोप होती. वरच्या टोकाला पोचलेल्या पहिल्या काही जणांत मी होते. पायाखाली बर्फ, वर मी. मी तिथे ओरडले. काय ओरडले ते नाही लिहीत, लालबागची बाई आनंदात काय ओरडते ते छापण्यासारखं नसतं.

तेव्हापासून माझ्याकडे मुलींची ये-जा सुरू झालीय. ग्रुपातल्या, चाळीतल्या, सुनेच्या ऑफिसातल्या. सगळ्यांना नाव पाहिजे असतं, कुठली मॅट, कुठली बॅग. मी नाव सांगत नाही. माझी कंबर माझी, तुझी कंबर तुझी. तू पाठीवर झोपत असशील तर तुला माझ्याएवढी जाड मॅट लागणारही नाही. तुझे पाय गार पडत असतील तर तुला बॅग वेगळी लागेल. हे फोनवर कळत नाही, अंगाला लावूनच कळतं.

म्हणून सांगते, ये. फार दिवस लावू नकोस, पुढच्या ट्रेकला मी निघायच्या आधी, मॅट आणि बॅग दोन्ही घरी आहेत तोवर ये. बॅग मी उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल भरून ठेवते, दाबून ठेवली की पिसं मरतात. ती काढून देईन, मॅट फुगवून देईन, आमच्या खोलीत मधोमध टाकू आणि तू चांगली तास दोन तास लोळ. तोवर मी मासे तळते. जेवून मग आपण दोघी मिळून ठरवू तुला काय घ्यायचं ते. येत्या रविवारीच ये बघू.